ऑनलाइन खरेदी आणि सुरक्षा अभियंत्याचे काम

घरबसल्या वस्तू मागविण्याची पद्धत आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी, किंबहुना आडगावीही, पुस्तके, कापड, पंपाचे सुटे भाग कुरिअरने येऊन पोचतात आणि त्यांचे पैसे पुष्कळदा आधीच चुकते झालेले असतात. दुकानदार दिसत नाही, त्याचा गल्ला दिसत नाही. तरीही ग्राहक आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि पैसे त्याच्या हवाली करतो. हा विश्वास ज्यांच्या कामावर उभा असतो, त्यांत ‘ॲप्लिकेशन सिक्युरिटी इंजिनिअर’ या नावाने ओळखला जाणारा एक तंत्रज्ञ असतो. त्याच्या कामाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुरक्षा म्हटली की दारावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. मोठ्या विक्रेत्यांकडे संगणकांच्या जाळ्यावर रात्रंदिवस नजर ठेवणारी अशी माणसेही असतात. पण आपला अभियंता त्यांच्यापैकी नव्हे. त्याची तुलना इमारतीचे नकाशे तपासणाऱ्या अभियंत्याशी करणे अधिक योग्य ठरेल. दुकान चालविणारी आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लिखित मालिका, अनेक प्रोग्रॅमर मिळून लिहितात व तीत सतत बदल करीत राहतात. भिंत उभी राहण्यापूर्वीच तिच्यातील भेग हुडकून काढणे, हे त्याचे काम होय.

ही भेग कशी असते? समजा, एखाद्या वस्तूची किंमत ५०० रुपये आहे. ग्राहकाने खरेदीची कळ दाबताच त्याच्या यंत्राकडून विक्रेत्याच्या मुख्य संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, एक संदेश जातो. या संदेशातच किंमत लिहिलेली असेल आणि सर्व्हर ती जशीच्या तशी मान्य करीत असेल, तर ५०० च्या जागी ५ लिहून पाठविणे फारसे कठीण नाही. कारण संदेश ज्या यंत्रातून निघतो ते ग्राहकाच्याच ताब्यात असते. ऑनलाइन दुकानांच्या आरंभीच्या काळात ही चूक वारंवार आढळली. उपाय साधा आहे. थकबाकी किती, हे करदात्याच्या तोंडी सांगण्यावरून ग्रामपंचायतीच्या पावतीवर लिहिले जात नाही. त्यासाठी मागणीचे रजिस्टर उघडले जाते. सर्व्हरनेही किंमत आपल्याच नोंदींतून घ्यावी. बाहेरून आलेल्या कोणत्याही माहितीवर पडताळणीशिवाय विसंबू नये, हे या विद्येचे मूलतत्त्व मानले जाते.

याहून अधिक आढळणारा दोष प्रवेशाधिकाराचा आहे. ग्राहक स्वतःची पावती पाहत असताना तिचा क्रमांक पडद्यावरील पत्त्यात दिसतो. त्या क्रमांकातील शेवटचा आकडा बदलताच दुसऱ्या कोणाची पावती, त्याच्या घरच्या पत्त्यासह, उघडत असेल, तर ‘ही पावती मागणाऱ्याचीच आहे काय?’ हा प्रश्न आज्ञावलीत विचारायचा राहून गेला, असे समजावे. आज्ञावलींच्या सुरक्षिततेसाठी २००१ पासून काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा प्रमुख दोषांच्या यादीत याच प्रकाराला पहिले स्थान दिले. तपासणीची स्वयंचलित साधने उपलब्ध आहेत व ती उपयुक्तही आहेत. तथापि कोणती पावती कोणी पाहावी, हा दुकानाच्या व्यवहाराचा प्रश्न आहे आणि तो जाणणारा माणूसच असा दोष नेमका ओळखू शकतो.

दोष राहून गेल्यास काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत मिळते. कॅलिफोर्नियातील ‘न्यूएग’ ही संगणक व त्याचे सुटे भाग विकणारी मोठी ऑनलाइन कंपनी आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पैसे भरण्याच्या पानावर चोरट्यांनी मोजक्या ओळींची एक आज्ञावली घुसविली. ग्राहकाने कार्डाचा तपशील भरला की त्याची एक प्रत कंपनीच्या नावाशी साधर्म्य असलेल्या चोरट्यांच्या संकेतस्थळाकडे जाई. व्यवहार नेहमीप्रमाणे पूर्ण होत असे. पत्त्याशेजारी दिसणारे सुरक्षिततेचे कुलूपही जागेवर होते, कारण पान खरोखरच कंपनीचे होते. सुमारे महिनाभर, १८ सप्टेंबरपर्यंत, हा प्रकार चालू राहिला. सावधगिरीचा उपदेश ग्राहकाला सर्वत्र केला जातो. पण येथे कितीही सावध ग्राहक काय करू शकला असता? ही जबाबदारी विक्रेत्याचीच होती. त्याच सुमारास ‘ब्रिटिश एअरवेज’च्या संकेतस्थळावरही असाच प्रकार घडला आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये त्या कंपनीला २ कोटी पौंड दंड केला. कार्ड-व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आता पैसे भरण्याच्या पानावरील अशा प्रत्येक आज्ञावलीची यादी ठेवणे आणि तीत परस्पर झालेला बदल शोधणे आवश्यक ठरले आहे. ३१ मार्च २०२५ पासून ही अट बंधनकारक झाली.

यादीचे महत्त्व त्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ मध्ये, जगाला पटले होते. नोंदी ठेवण्यासाठी असंख्य कंपन्या वापरीत असलेल्या ‘लॉगफोरजे’ या विनामूल्य भागात अत्यंत गंभीर दोष उघडकीस आला. चीनमधील ‘अलीबाबा’ या व्यापारी समूहाच्या सुरक्षा पथकाने तो शोधून संबंधितांना कळविला होता. दुरुस्ती लवकर उपलब्ध झाली. मात्र हा भाग आपल्या हजारो आज्ञावलींपैकी कोठे कोठे बसविला आहे, याचे उत्तर अनेकांपाशी तयार नव्हते.

या अभियंत्याची खरी ओढाताण तंत्राशी नसून वेळेशी असते. दिवाळीची विक्री आठ दिवसांवर आलेली असते, नवी सवलत योजना सुरू व्हायची असते आणि तिचे एकच कूपन एकाच क्षणी दोनदा वापरता येते, असे त्याच्या ध्यानात येते. योजना थांबवावी तर व्यापार बुडतो. थांबवू नये तर पैसा गळतो. प्रत्येक वेळी नकार देणाऱ्याला पुढे कोणी विचारीत नाही, हे कार्यालयीन कामकाजाचा अनुभव असलेल्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणून जाणते अभियंते नकारांवर विसंबत नाहीत. प्रवेशाधिकार तपासणारा पक्का भाग ते स्वतःच तयार करून देतात, जेणेकरून बिनचूक मार्ग हाच प्रोग्रॅमरला सर्वांत सोपा वाटावा.

आपल्या देशातील नियमांनीही या कामाला बळ दिले आहे. ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक विक्रेत्याने साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई आहे. त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी क्रमांक वापरला जातो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर परवानगीवाचून असे प्रयोग करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध ठरू शकतो आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सरावासाठी उपर्युक्त ‘ओवॅस्प’ने ‘ज्यूस शॉप’ नावाचे, मुद्दाम सदोष ठेवलेले एक ऑनलाइन दुकान विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. ते शाळेच्या संगणकावर उतरवून घेता येते, आणि फळांच्या रसाची किंमत बदलण्याचा प्रयोग तेथे कोणाचेही नुकसान न करता करून पाहता येतो.