चुकून हाती आलेलं पुस्तक

बालमित्रांनो, तुम्हांला हवं असलेलं पुस्तक तुमच्या आधीच कुणीतरी पळवलंय, असं कधी झालंय का? माझं झालंय. त्याचीच ही गंमत.

साल २००२. कराडजवळच्या एका खेड्यात मी सातवीत शिकत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागणार म्हणून गुरुजींनी पुस्तकांची पेटी उघडली. प्रत्येकाला एक पुस्तक! मला हवा होता फास्टर फेणे. पण माझा नंबर येईपर्यंत सगळे फेणे संपले. तेवढ्यात एका पुस्तकावर 'भागवत' हे नाव दिसलं. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत, हे मला पाठ होतं. मग काय, घातली झडप!

घरी येऊन बघते तो काय, हे भागवत निराळेच! लेखिका दुर्गा भागवत, पुस्तक 'ऋतुचक्र'. चोर नाही, पाठलाग नाही, गोष्टसुद्धा नाही. चैत्र ते फाल्गुन, बारा महिन्यांचे बारा लेख. लेख म्हटलं की मला निबंधाची वही आठवायची. त्याच वर्षी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध मी गाईडमधून उतरवला होता. गुरुजींनी खाली लाल शाईनं विचारलं होतं, "यातलं तू काय पाहिलंस?" ते मनाला फार लागलं होतं. पुस्तक मी कोनाड्यात टाकून दिलं.

आजीला वाचता येत नव्हतं. दुपारी ती म्हणाली, "आगं, काय लिवलंय त्यात? वाच की मोठ्यानं." कंटाळत मी चैत्राचा लेख काढला. निम्मे शब्द कळत नव्हते. पण चैत्र म्हणताच आजी सरसावून बसली. "पाराच्या पिंपळाची पालवी बघितलीस का औंदा?"

मी कुठली बघायला! रोज त्याच पारावरून शाळेला जायची. संध्याकाळी मुद्दाम गेले. कोवळी पानं हिरवी नव्हतीच मुळी! तांबूस, गुलाबी आणि तेल लावल्यासारखी तुकतुकीत. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी असतं आणि लाल रंगद्रव्य उठून दिसतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की सात वर्षं मी डोळे मिटून चालत होते.

'ऋतुचक्र' पहिल्यांदा १९५६ साली प्रसिद्ध झालं. दुर्गाबाई लोककथा, लोकसंस्कृती यांच्या मोठ्या अभ्यासक. १९७५ साली आमच्या कराडलाच भरलेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. देशात आणीबाणी असताना त्या तिच्याविरुद्ध निर्भयपणे बोलल्या. ७ मे २००२ रोजी त्या गेल्या. तेव्हाही चैत्रच चालू होता.

जूनमध्ये पुस्तक परत करायचं होतं आणि महिने तर बरेच उरले होते! गुरुजींना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे वर्षभर." मग दर महिन्याला मी एक लेख वाचायची, आजी ऐकायची. मध्येच थांबवून ती झाडांची आमच्याकडची नावं सांगायची. फाल्गुनाचा लेख मात्र मी एकटीनंच वाचला. रानात पळस फुलला होता.

आठवीत पुन्हा ऋतूवरच निबंध आला. मी पाराचा पिंपळ लिहिला. गुण दहापैकी सहाच मिळाले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या ना! पण खाली लाल शाईत लिहिलं होतं, "हे तू पाहिलंस."

आज मी स्वतः शिक्षिका आहे. मुलांनो, लेखांचं पुस्तक दिसलं की "यात गोष्ट नाही" म्हणून ठेवून देऊ नका. ते सलग वाचायलाच हवं असंही नाही. चालू महिन्याचा लेख उघडा, अडलेले शब्द सोडून पुढे जा आणि मग बाहेर जाऊन बघा.

पालकांनो, मुलांना एखादा लेख मोठ्यानं वाचायला सांगा आणि घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवा. आमच्या घरी निम्मं पुस्तक तर आजीनंच मला समजावून दिलं.