तीव्र कुपोषित बालके : प्रतिजैविके आणि हिवताप

प्रस्तावना :
तीव्र कुपोषित (सॅम) बालकाच्या शरीरात संसर्गाची लक्षणे स्पष्टपणे प्रकट होतातच असे नाही. जंतू रक्तात असतानाही अनेकदा ताप येत नाही. उलट शरीराचे तापमान घटते. त्यामुळे अशा बालकांना संसर्ग आहेच असे गृहीत धरून प्रतिजैविके देण्याची पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णालयात दाखल बालकांसाठी, तर २०१३ मध्ये घरी राहून उपचार घेणाऱ्या, गुंतागुंत नसलेल्या बालकांसाठीही ही शिफारस केली.

दोन देश, दोन निष्कर्ष :
मलावीतील २७६७ बालकांच्या अभ्यासात (२०१३) मृत्यूचे प्रमाण औषधाविना ७.४ टक्के, अ‍ॅमॉक्सिसिलिनमुळे ४.८ टक्के, तर सेफडिनिरमुळे ४.१ टक्के आढळले. नायजरमधील अभ्यासात (२०१६) मात्र अ‍ॅमॉक्सिसिलिन घेणारी ६५.९ टक्के आणि न घेणारी ६२.७ टक्के बालके बरी झाली. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. तथापि रुग्णालयात पाठवावे लागण्याचे प्रमाण औषधामुळे घटले. मलावीतील बहुसंख्य बालकांना अंगावर सूज असलेले कुपोषण होते व तेथे एचआयव्हीचा प्रादुर्भावही मोठा होता. एका प्रदेशातील निष्कर्ष दुसऱ्या प्रदेशास जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

हिवतापाचा स्वतंत्र प्रश्न :
अ‍ॅमॉक्सिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेच्या निर्मितीत अडथळा आणते. हिवतापाच्या परजीवीस अशी भित्तिका नसल्याने हे औषध त्याच्यावर निष्प्रभ ठरते. म्हणजेच प्रतिजैविक दिले म्हणून बालक हिवतापापासून सुरक्षित झाले, असा समज घातक आहे. ताप नसला तरी हिवतापग्रस्त भागात प्रत्येक सॅम बालकाचे रक्त तपासणे इष्ट होय. शीघ्र चाचणीचीही एक मर्यादा आहे. फॅल्सिपेरमचे प्रथिन शोधणारी चाचणी उपचारानंतरही काही आठवडे सकारात्मक येऊ शकते. शिवाय ल्युमेफॅन्ट्रिनसारखे औषध शोषले जाण्यासाठी आहारात स्निग्धांश लागतो; कुपोषित बालकाचा आहार व पचन दोन्ही क्षीण असतात.

निष्कर्ष :
प्रतिजैविक हे निदानाला पर्याय नव्हे. गडचिरोलीसारख्या हिवतापप्रवण आदिवासी भागात तर आहार, प्रतिजैविक व रक्ततपासणी यांचा एकत्रित विचार अपरिहार्य ठरतो. बालकाचे अंग गार लागते म्हणून ते निरोगी आहे असे मानणे, ही चूक त्याच्या जिवावर बेतू शकते.