हिरव्याच्या उलट काय? – ‘ख्लोरोस’ या ग्रीक शब्दाची गोष्ट



तिसरीच्या वर्गात विरुद्धार्थी शब्दांचा खेळ चालू होता. मुलांनीच शब्द द्यायचा आणि मुलांनीच उलट शब्द सांगायचा. एकाने शब्द दिला, ‘हिरवा’. मागच्या रांगेतली मुलगी चटकन म्हणाली, “वाळलेला!” मी म्हटलं, “चूक. काळा-पांढरा सोडला तर रंगाला विरुद्धार्थी शब्द नसतो.” ती हळूच म्हणाली, “पण बाई, आमच्याकडे हिरवी वैरण आणि वाळली वैरण असते.” मी ऐकलं आणि पुढचा शब्द घेतला. फळ्यावर तिच्या उत्तरापुढे फुली तशीच राहिली.

त्या फुलीचा विचार मला पुन्हा करावा लागला, तो एका जुन्या ग्रीक शब्दामुळे.

क्लोरिन आणि क्लोरोफिल

पाणी निर्जंतुक करायला क्लोरिन वापरतात. झाडाच्या पानात असतं ते क्लोरोफिल, म्हणजे आपलं हरितद्रव्य. दोन्हींत ‘क्लोर’ आहे, म्हणून वाटतं की पानात क्लोरिन असेल. तसं नाही. हरितद्रव्याच्या रेणूत क्लोरिन नसतं; त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. सारखा आहे तो फक्त शब्द. ग्रीक ‘ख्लोरोस’चं इंग्रजीतून येताना ‘क्लोर’ झालं.

शेले या शास्त्रज्ञाने 1774 मध्ये क्लोरिन वायू तयार केला होता. 1810 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून त्याला हे नाव दिलं. पुढे 1817 मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पानांतलं हिरवं द्रव्य वेगळं केलं. ‘ख्लोरोस’ आणि पान या अर्थाचा ग्रीक शब्द ‘फिलोन’ जोडून क्लोरोफिल हे नाव तयार झालं.

मग ख्लोरोस म्हणजे हिरवा, असं सांगून विषय संपवावा का? जुन्या ग्रीक ग्रंथांत हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहिलं, की तसं करता येत नाही.

मध, भीती आणि रक्तसुद्धा

होमरच्या महाकाव्यांत मध ख्लोरोस आहे. माणसांना ग्रासणारी भीतीही ख्लोरोस आहे. सॅफो ही कवयित्री प्रेमाने व्याकूळ झालेल्या अवस्थेचं वर्णन करताना स्वतःलाच हा शब्द लावते, तोही गवताशी तुलना करून. युरिपिडीसच्या नाटकांत अश्रू ख्लोरोस आहेत, आणि रक्तही! आता रक्त काही हिरवं नसतं. तिथे अर्थ आहे ताजं, नुकतंच सांडलेलं.

बायबलच्या ग्रीक नव्या करारात तर गंमतच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात लोक ज्या गवतावर बसतात ते गवत ख्लोरोस, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात मृत्यू ज्यावर बसून येतो तो घोडाही ख्लोरोस. भाषांतर करणारे पहिल्या ठिकाणी ‘हिरवं’ लिहितात, दुसऱ्या ठिकाणी ‘फिकट’.

विल्यम ग्लॅडस्टन हे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. 1858 मध्ये त्यांनी होमरवर मोठा ग्रंथ लिहिला. होमरचे रंगांचे शब्द पाहून त्यांना वाटलं, त्या काळच्या ग्रीकांची रंग ओळखण्याची जाणीवच अपुरी असावी. आज हे मत कोणी मानत नाही. ग्रीकांचे डोळे आपल्यासारखेच होते. त्यांच्या शब्दांची वाटणी वेगळी होती, इतकंच.

शब्दाचं मूळ

‘ख्लोए’ म्हणजे जमिनीतून नुकताच वर आलेला कोवळा कोंब. ख्लोरोस याच कुळातला. अथेन्समध्ये धान्याची देवी डिमीटर हिला ‘ख्लोए’ या नावानेही पुजत. आता तो कोवळा कोंब डोळ्यांसमोर आणा. तो पिवळसर हिरवा असतो, ओलसर असतो, ताजा आणि जिवंत असतो. हे सगळं त्या एका शब्दात आहे. मधाला लावला की त्यातली पिवळसर झाक किंवा ताजेपणा दिसतो. भीतीला लावला की रंग उडालेला चेहरा दिसतो. रक्ताला आणि अश्रूंना लावला की ओलेपणा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपला ‘ओला’ बघा. ओला कपडा पाण्याने भिजलेला असतो, पण ओला नारळ भिजलेला नसतो. ओली हळद, ओली जखम, ओली बाळंतीण – प्रत्येक ठिकाणी ‘ओली’ वेगळं काही सांगते. घाबरलेल्या माणसाचा चेहरा आपल्याकडेही पांढराफटक पडतोच.

मग विरुद्धार्थी शब्द कोणता?

‘ओडिसी’त एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत ऑलिव्हच्या लाकडाचा मोठा सोटा असतो. ते लाकूड ख्लोरोस आहे. वाळल्यावर वापरायचं म्हणून राक्षसाने ते तोडून ठेवलेलं असतं. हेसिअड हा कवी देवांच्या मेजवानीत नखं कापू नयेत असं सांगतो, तेव्हा वाढलेल्या नखाला ‘वाळलेलं’ म्हणतो आणि त्याखालच्या जिवंत भागाला ‘ख्लोरोस’.

म्हणजे ख्लोरोसच्या उलट वाळलेलं! हे वाचलं आणि मला मागच्या रांगेतली ती मुलगी आठवली. तिने रंगाचा विरुद्धार्थी शब्द सांगितलाच नव्हता. तिने वैरणीचा सांगितला होता, आणि तो बरोबर होता. तिच्या घरचा ‘हिरवा’ मी विचारातच घेतला नव्हता.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

सुटा शब्द देऊ नका, जोडी द्या. ओला कपडा – वाळलेला कपडा. ओला नारळ – सुका नारळ. कच्चा आंबा – पिकलेला आंबा. कच्चा रस्ता – पक्का रस्ता. कच्ची भाजी – शिजलेली भाजी. एकाच ‘कच्चा’ला तीन विरुद्धार्थी शब्द मिळाले, की शब्दाचा अर्थ सोबतच्या शब्दाप्रमाणे बदलतो हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. मग त्यांनाच घरातल्या, शेतातल्या जोड्या शोधायला सांगा.

परीक्षेत ठरलेलं उत्तर लागतं, हे मान्य. ते मुलांना जरूर सांगावं. पण फुली मारण्याआधी “तुला असं का वाटलं?” एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उभं केलं, फळ्यावर ‘हिरवी वैरण × वाळली वैरण’ लिहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “काल बाईंचं चुकलं होतं.” त्यानंतर मुलांनी दिलेल्या जोड्यांनी फळा भरला.