काळ्या पेटीतली चिठ्ठी

घणसोली गावात कुणी ‘लॉटरी लागली’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला आधी सिडको आठवते. २०१८ साली सिडकोने १४,८३८ घरांची सोडत काढली. तळोजा, खारघर, कळंबोली, द्रोणागिरी आणि घणसोली या पाच ठिकाणची ती घरं होती. जमीन गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांना साडेबारा टक्के योजनेतले भूखंडही सोडतीनेच वाटले गेले. थोडक्यात, या पट्ट्याला ठाऊक असलेली सोडत काहीतरी देणारी आहे. निघाली तर नशीब, नाही निघाली तर पुढच्या वेळी बघू. शर्ली जॅक्सन यांच्या ‘द लॉटरी’ या कथेतल्या गावात मात्र चौकात उभा असलेला प्रत्येकजण मनोमन एकच मागत असतो, की चिठ्ठी आपली निघू नये.

ही कथा ‘द न्यूयॉर्कर’च्या २६ जून १९४८च्या अंकात आली. कथेतला दिवस २७ जूनचा. जेमतेम तीनशे वस्तीचं गाव सकाळी दहाला चौकात जमतं. पोरं दगड वेचून कोपऱ्यात ढीग रचताहेत, पुरुष पेरणी, पाऊस, ट्रॅक्टर, कर असल्या गोष्टी बोलताहेत. दुपारच्या जेवणाच्या आत सगळं उरकायचं आहे. कोळशाचा धंदा करणारे समर्स काळी पेटी आणतात. आधी घराघरातल्या कर्त्यांनी चिठ्ठी काढायची, मग ज्या घरावर खूण आली त्या घरातल्या प्रत्येकाने, अगदी पोरासोरांनीही. काळा ठिपका टेसी हचिन्सनच्या चिठ्ठीवर निघतो, गाव दगड उचलतं, आणि कथा तिथेच थांबते. त्या उन्हाळ्यात जॅक्सन यांच्याकडे तीनशेहून अधिक पत्रं आली. त्यांतल्या काहींनी विचारलं होतं, की या सोडती नक्की कुठे होतात आणि त्या बघायला जाता येईल का. हा प्रश्न कथेइतकाच काळा आहे.

या कथेचं ठरलेलं वाचन म्हणजे ‘अंधश्रद्धेवर आसूड’. ते मला अपुरं वाटतं. अंधश्रद्धेला निदान श्रद्धा लागते. या गावात ती कुणाकडे आहे? सत्त्याहत्तराव्या सोडतीला आलेला म्हातारा वॉर्नर सोडतीचा मक्याच्या पिकाशी संबंध सांगणारी एक जुनी म्हण पुटपुटतो, तेवढाच काय तो धर्म. देव नाही, पुजारी नाही, नवस नाही. पेटी वर्षभर कधी कुणाच्या गोठ्यात, कधी टपाल कचेरीत पायाशी, कधी किराणा दुकानाच्या फळीवर पडून असते. तिचे टवके उडालेत, मूळ लाकूड दिसू लागलंय. नवी करू या, असं समर्स दरवर्षी म्हणतात आणि विषय तिथेच विरतो. पूर्वी लाकडाच्या चकत्या होत्या, आता कागदाच्या चिठ्ठ्या आहेत. पूर्वी काही मंत्रासारखं म्हणत, चिठ्ठी काढायला येणाऱ्याला मान लववत, तेही गेलं. इतकं विसरलेलं गाव दगड कशासाठी आणायचे ते मात्र विसरलेलं नाही. माझं म्हणणं असं, की ही कथा श्रद्धेविषयी फारच थोडं बोलते. ती बोलते रीतीविषयी. श्रद्धा आटून गेल्यावरही जी आपल्याच वजनाने चालत राहते अशा रीतीविषयी.

आपल्याकडच्या कौलाशी ताडून पाहिलं की हे नीट दिसतं. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा समोर कुणीतरी असतो. गाऱ्हाणं घालतात, उजवा-डावा पाहतात, पटलं नाही तर शब्द बदलून पुन्हा विचारतात. उत्तर देणाऱ्यावर रुसताही येतं. जॅक्सनच्या पेटीला असं विचारता येत नाही, कारण तिच्यात कुणीच नाही. निवड कुणी केली? कुणीच नाही. म्हणजे दोषही कुणाचा नाही. सोडतीचं हे बळ घणसोलीच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. भूखंड कोपऱ्याचा मिळाला की गल्लीतला, यावरून भावाभावांत तंटा होऊ नये म्हणून तर चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीपुढे सगळे सारखे, म्हणून सगळे गप्प. जॅक्सनने हाच न्यायीपणा उचलून खुनाला जोडला.

टेसीची तक्रार या दृष्टीने पुन्हा वाचावी. भांडी घासताना आजचा दिवसच विसरले, असं हसत सांगत ती उशिरा येते, आजूबाजूचेही हसतात. नवऱ्याच्या, बिलच्या, हातात खुणेची चिठ्ठी आल्यावर ती ओरडू लागते. तिचं ओरडणं माणसं मारू नका असं नसतं; बिलला पुरेसा वेळ दिला नाही, हे बरोबर झालं नाही, एवढंच ती म्हणते. दुसरं घर निघालं असतं तर दगडांच्या ढिगापाशी तीही गेली असती. याहून वाईट म्हणजे पुढच्या फेरीत आपली लग्न झालेली मुलगी इव्हा आणि जावई यांनाही धरा, असा तिचा आग्रह असतो. चिठ्ठ्या वाढल्या तर आपल्यावर येण्याची शक्यता तेवढी कमी! समर्स शांतपणे नियम सांगतात, की लेकी सासरच्या घराबरोबर चिठ्ठी काढतात. लेक सासरची, हे आपल्याला इतकं ओळखीचं, की तो संवाद सहज नजरेतून निसटतो. नियम त्या क्षणी मुलीला आईपासून वाचवतो. आणि थोड्याच वेळात कुणीतरी धाकट्या डेव्हीच्या, टेसीच्याच पोराच्या, हातात चार खडे ठेवतं.

यावर पहिला आक्षेप असा, की हे अमेरिकेतलं कोरडं गाव. आपल्या परंपरेत देव आहे, भाव आहे, तिथे असं पोकळ यंत्र चालणार नाही. त्याला उत्तर मराठीतच आहे. जी. ए. कुलकर्णींच्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ ही कथा पाहा. एका मठाला स्वामी हवा असतो. वाटेने जाणारा एक अनोळखी माणूस आत नेला जातो, तळघरात कोंडला जातो आणि स्वामी ठरतो. त्याची सेवा होईल, त्याला काही कमी पडणार नाही, फक्त बाहेर पडता येणार नाही. इथे भगवी वस्त्रं आहेत, भक्त आहेत, आदर आहे. पण जागा भरायची आहे, माणूस कोणताही चालेल. टेसीवर दगड येतात आणि या वाटसरूवर पूजा येते, दोघांना मिळणारं उत्तर मात्र एकच: तुझ्यातलं काही पाहून तुला निवडलेलं नाही. फरक असलाच तर जीएंच्या बाजूने आहे. त्या अंधारातून उजेडाकडे सरकणारा एक वेल त्यांनी ठेवला. जॅक्सनने तेवढंही ठेवलं नाही.

आणि कथा बाजूला ठेवल्या तरी दगड न उचलता दगड मारण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तिला वाळीत टाकणं म्हणतात. कुणी हात उगारत नाही. फक्त आमंत्रण जात नाही, किराणा मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. प्रत्येकाचा वाटा खड्याएवढा. ‘द लॉटरी’ छापून आल्यानंतरच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. पुढे रायगड जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकल्याची प्रकरणं गाजली, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा मंजूर केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्यालाही अडचण तीच येते: ‘मी काय केलं? मी फक्त गेलो नाही’ असं म्हणणाऱ्याचा गुन्हा सिद्ध कसा करायचा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्या गावाची भातशेती आणि मिठागरं शहराने घेतली, ज्याच्या चहूबाजूंनी सेक्टर आणि टॉवर उभे राहिले, त्याच्याकडे गावपण म्हणून उरलं काय? गावदेवीची जत्रा, पालखीचा मान, आळीआळीने फिरणारी पाळी. त्यातली एक वीट काढली तर भिंतच कोसळेल, असं म्हणणाऱ्याला मागासलेला ठरवणं सोपं आहे आणि चूकही. मान पाळीने फिरतो तेव्हा यंदा आमची आळी, पुढच्या साली तुमची, या हिशेबानेच भांडणं मिटतात. पण विटेचा दाखला जॅक्सनच्या गावाला लावून पाहावा. मंत्र गेला, लववण्याची तऱ्हा गेली, चकत्या गेल्या. भिंत पडली नाही, कुणी हळहळलंही नाही. शेजारच्या गावात सोडत बंद करायची बोलणी चालली आहेत असं गावातलेच एक ॲडम्स सांगतात, त्यांची बायको म्हणते काही ठिकाणी ती बंदही झाली आहे, तेव्हा वॉर्नर त्या गावांना वेड्यांची टोळी ठरवतो. मक्याच्या म्हणीखेरीज त्याच्या तोंडी कारण म्हणून एकच आहे: सोडत कायमच होत आली आहे. म्हणजे काय टाकायचं आणि काय राखायचं, हे गाव वर्षानुवर्षं ठरवतच आलं होतं. पाठ केलेले शब्द गळाले तेव्हा वॉर्नरने गावाला वेडं म्हटल्याचं कथेत कुठेही नाही. आणि बदल झाल्याचं सांगणारे ॲडम्स? शेवटी दगड घेऊन पुढे सरकणाऱ्या गर्दीच्या अगदी पुढच्या रांगेत तेच आहेत.