कलम बांधायला शिकूया

रोपवाटिकेत पिशव्या आपण भरतो, पाणी आपण घालतो. कलम मात्र बाहेरचा कारागीर बांधतो आणि जास्त मजुरी घेतो. हे काम आपल्यालाही जमेल. आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात बांधतात. कोयीतून उगवलेलं कोवळं रोप वरून कापायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. बरीच कृषी विज्ञान केंद्रं हे शिकवतात. प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे स्वतःची फळरोपवाटिका काढायची, तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे कृषी विभागाचा परवाना लागतो. तो आपल्या गटातल्या बाईच्या नावावर निघावा. येत्या बैठकीत कोण शिकायला जाणार, त्यांची नावं ठरवूया.