जुना हार्वेस्टर भंगारात काढण्याआधी

“कंपनीने मॉडेल बंद केलं, आता पार्ट मिळत नाहीत.” सोयाबीनच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हे हमखास ऐकू येतं आणि त्यावर विश्वास ठेवून चांगली यंत्रं कवडीमोल भावात विकली जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं.

आपल्याकडचे बरेचसे हार्वेस्टर पंजाबात बनलेले आहेत. स्वराज ८१०० हा १९८० मध्ये आला. प्रीत, करतार, स्टँडर्ड यांचे कारखानेही नाभा, भादसों, बर्नाला याच पट्ट्यातले. या यंत्रांत कारखान्याने स्वतः घडवलेलं म्हणजे सांगाडा, पत्रा, ड्रम, चाळण्या आणि गिअरबॉक्सचे काही भाग. बेअरिंग, पट्टे, चेन, ऑइल सील हे सगळं बाहेरून घेतलेलं असतं आणि त्यांची मापं जगभर ठरलेली आहेत. इंजिन तर पुष्कळ यंत्रांत अशोक लेलँडचं, सहा सिलिंडरचं. त्याचे लायनर, पिस्टन, फिल्टर ट्रकचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. फक्त इंजिनाच्या पाटीवरचा नंबर सोबत न्यावा.

खरी अडचण मागण्याच्या पद्धतीत आहे. दुकानात जाऊन “अमुक मॉडेलच्या फॅनचं बेअरिंग द्या” म्हटलं, की दुकानदार मान हलवतो. जुनं बेअरिंग डिझेलने धुऊन कडेवरचा नंबर वाचा. ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणायचं: आतलं भोक २५ मिमी. (हा हिशोब ०४ पासून पुढे चालतो.) बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. हे बेअरिंग मोटारीच्या, पंपाच्या, कुठल्याही दुकानात मिळतं. नंबरापुढची अक्षरंही तेवढीच महत्त्वाची. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. धुळीत चालणाऱ्या यंत्राला उघडं बेअरिंग घातलं तर ते हंगाम काढत नाही. पट्ट्याचंही तसंच: बी ६८ म्हणजे बी जातीचा, आतून ६८ इंच लांबीचा.

“नवा पट्टा टाकला तरी घसरतो, म्हणजे पट्टा डुप्लिकेट” असंही लगेच ठरवलं जातं. डुप्लिकेट माल बाजारात आहे, नाकारता येत नाही; पण आधी पुलीच्या खाचेत बोट घालून बघा. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर पट्टा तळाला टेकतो आहे. पट्ट्याने ओढायचं असतं ते दोन्ही कडांनी. अशा वेळी पुली बदलावी लागते. चेनची गोष्टही वेगळी नाही. ५/८ इंची चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत नवेपणी ३८१ मिमी भरतात. ताणून धरल्यावर त्या ३९० च्या पुढे गेल्या, तर चेन संपली. दात आकड्यासारखे वाकले असतील, तर स्प्रॉकेटही सोबत बदला, नाहीतर नवी चेनही लवकरच तशीच होईल.

ग्रीसबद्दल थोडक्यात. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी नव्हे. गन दाबत राहिलं की सील बाहेर ढकललं जातं आणि त्या फटीतून भुसा आत शिरतो. उघड्या चेनवर ग्रीस थापणंही टाळा, त्यावर माती चिकटते. तिथे तेल द्यावं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज वेगळाच आहे: “यंत्र जुनं झालं, म्हणून सोयाबीनची डाळ होते.” सोयाबीनची साल पातळ असते. कृषी विभाग बियाण्यासाठी मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ३०० ते ५०० फेऱ्यांच्या आत ठेवायला सांगतो. गव्हासाठी लावलेला हार्वेस्टरचा ड्रम त्याच्या दुप्पटही फिरत असतो. तोच वेग ठेवून सोयाबीनमध्ये उतरलं, तर नवं कोरं यंत्रही डाळच करेल. वेग कमी करायला काही चालक इंजिनाची रेस उतरवतात. तिथे दुसरी चूक होते, कारण इंजिनासोबत पंखा आणि चाळण्याही मंदावतात आणि दाणा भुशासोबत मागे पडतो. इंजिन पूर्ण रेसवर ठेवून ड्रमचाच वेग उतरवायचा; ज्या यंत्रात जशी सोय असेल तशी, पुली किंवा स्प्रॉकेट बदलून.

जुनेपणाचा वाटा आहे तो ड्रमवरच्या खाचांच्या पट्ट्यांत, म्हणजे रास्प बारमध्ये. रास्प बारच्या धारा झिजल्या की शेंग नीट फुटत नाही, मग चालक वेग वाढवतो, ड्रम आणि त्याखालची जाळी (कॉन्केव्ह) यांतली फट कमी करतो आणि दाणा फुटतो. यावर उपाय म्हणून एकच झिजलेला बार बदलून वेळ मारून नेली जाते. तसं करू नये. ड्रम वेगाने फिरतो, एका बाजूचं थोडंसं जास्त वजनही पूर्ण यंत्र थरथरवतं आणि बेअरिंग खातं. बार समोरासमोरच्या जोडीनेच बदलावेत, आधी वजन करून. ते डावे-उजवे असतात, खाचांचा उतार बघून बसवावेत. आणि त्यांचे बोल्ट मूळ दर्जाचेच घ्यावेत. लेथवर पुष्कळ काही बनतं, बनवावंही. पण ड्रममध्ये तुटलेला साधा बोल्ट कॉन्केव्ह फाडत जातो, तिथे चार पैसे वाचवणं मला पटत नाही.

हंगाम संपला की यंत्र “आराम करतं” असं म्हणतात. खरं तर उंदीर याच दिवसांत आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. टाकीत आणि एलिव्हेटरमध्ये उरलेला दाणा त्यांना बोलावतो, तो काढून टाका. पट्टे ढिले करा, कटर बारच्या पात्यांना तेल लावा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. पार्टची यादीही तेव्हाच करा. ऐन सोंगणीत दुकानदार जे देईल ते घ्यावं लागतं.

काही यंत्रं खरोखर संपलेली असतात. चासीला जागोजागी तडे गेले असतील, ड्रमची शाफ्ट वाकली असेल, तर त्यात पैसे घालू नका. पण किलोवर विकण्याआधी गिअरबॉक्स, चाळण्या आणि एलिव्हेटर सुटे काढा. बाजारात सहज न मिळणारे भाग तेच, आणि त्याच मॉडेलचा दुसरा मालक नेमके तेच शोधत असतो.