तासामागे वीस मिनिटे

मुळशी तालुक्यातील पिरंगुट येथे आमच्या नात्यातील एकांचे किराणा दुकान आहे. त्यांचा नववीतला मुलगा गिऱ्हाइकाच्या दहा-बारा जिनसांची बेरीज तोंडी करतो. तीच कागदावर मांडताना मात्र ६७ चे ७६ होतात, ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल होते. वर्षानुवर्षे घरच्यांनी त्याला आळशी ठरविले. निदान निघाले अध्ययन अक्षमतेचे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांपैकी एक आहे. कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान २० मिनिटे ठरविली. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस पूर्ण एक तास अधिक. लेखनिक केवळ लिहितो, उत्तर मुलानेच सांगावयाचे असते. ‘आयते गुण मिळतात’ हा आपल्याकडील समज म्हणूनच निराधार आहे.

कागदावरचा हक्क परीक्षागृहात पोहोचतोच असे नाही. २०२१ च्या नीट परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीस हा तास नाकारण्यात आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळचे आपल्याच जिल्ह्यातील कनेरसरचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने नोव्हेंबरमध्ये तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. परंतु फेरपरीक्षा दिली नाही. गेलेला तास परत आला नाही.

आपल्या घरांतील अडचण निराळीच. प्रमाणपत्र घ्यावे तर ‘पुढे सोयरिकीत हा कागद आडवा येईल’ अशी भीती! दुकानातली उधारी आपण चोख लिहून ठेवतो, मुलाच्या अडचणीची नोंद तेवढी टाळतो. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि शासकीय रुग्णालयातील तपासणीस अनेक खेपा पडू शकतात. म्हणून नववीतच हालचाल केलेली बरी.

आमच्या त्या नातेवाइकांनी दोन महिने टाळाटाळ केली. अखेर मुलाच्या आईनेच दुकानाची किल्ली खिशात घातली, फळीवर ‘आज बंद’ असे लिहिले आणि बापलेकांना सकाळच्या बसने पुण्यास धाडले.